मागच्या रांगेतले पारखी

गार्नेट बेली आणि मार्क बॅव्हिस ही दोन नावं जगभर गेली ती एका प्रवासी यादीमुळे. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी बोस्टनहून लॉस एंजेलिसला निघालेलं युनायटेड एअरलाइन्सचं १७५ क्रमांकाचं विमान नऊ वाजून तीन मिनिटांनी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यावर आदळलं. त्यात हे दोघं होते. बेली ५३ वर्षांचा, बॅव्हिस ३१ चा. लॉस एंजेलिस किंग्ज या आइस हॉकी संघाचे ते स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं. नव्या हंगामाचं सराव शिबिर सुरू होत होतं, तिकडे निघाले होते.

मी तेव्हा पुण्यात होते. आपल्याकडे संध्याकाळ झाली होती आणि घराघरांतल्या टीव्हीवर तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. कानांवर आकडे पडत होते. आकड्यांमागची माणसं कळायला बरीच वर्षं जावी लागली. पुढे नोकरीमुळे आम्ही मॅसॅच्युसेट्सला आलो, मुलगा शाळेतल्या मित्रांच्या नादानं बर्फावर उतरला, आणि माझ्या हिवाळ्यातल्या पहाटा बोस्टनच्या आसपासच्या रिंकवर जाऊ लागल्या. बेलीचं घर इथून जवळच, लिनफिल्डला होतं. बॅव्हिस तर बोस्टनच्याच रॉस्लिंडेल भागात वाढलेला. इथले हॉकीवाले या दोघांबद्दल आपल्या गल्लीतल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलतात. बेलीच्या थट्टामस्करीबद्दल, त्याच्या गडगडाटी हसण्याबद्दल, बॅव्हिसच्या कामसू स्वभावाबद्दल. ते कसे गेले हा विषय निघतो, पण तो शेवटी. मला हा क्रम योग्य वाटतो. माणूस वीस वर्षं जे काम मन लावून करतो ते त्याचं आयुष्य. त्या आयुष्याला एका सकाळीनं झाकून टाकावं हे मला पटत नाही. म्हणून मी इथे त्यांच्या कामाबद्दल लिहिणार आहे.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येतं, खडकी येते, धनराज पिल्ले येतो. ही हॉकी निराळी. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद बर्फाचा पट्टा, भोवती कठडा आणि त्यावर जाड काच. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी काळ्या कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. खेळाडू आपल्या पाळीत पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळतो आणि कठड्यावरून उडी मारून बाकावर येतो. त्याच क्षणी दुसरा बर्फावर गेलेला असतो. हे सामना संपेपर्यंत चालू राहतं. वेग इतका की पहिले काही महिने मला पक दिसायचाच नाही. गोल झाला हे मला लोकांच्या ओरडण्यावरून कळायचं.

मुलं जरा मोठी झाली, सामने चुरशीचे होऊ लागले, तेव्हा पालकांच्या घोळक्यापासून लांब, सगळ्यात वरच्या रांगेत बसणारी काही माणसं माझ्या नजरेत भरली. एकेकटी. हातात कॉफी, मांडीवर वही. गोल झाला तरी उठत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत. कॉलेजांचे, ज्युनिअर संघांचे स्काउट असायचे ते. आमच्या मुलांच्या सामन्यानंतर मोठ्या मुलांचा सामना असे, त्यासाठी लवकर येऊन बसलेले. त्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांना मी एकदा विचारलं, की पक एका टोकाला असताना तुम्ही दुसऱ्या टोकाला काय बघता? ते म्हणाले, पक जवळ असताना सगळेच चांगले दिसतात. पक नसताना मुलगा काय करतो, ते बघायला मी आलोय.

त्या एका वाक्यानं मला हा खेळ कळायला लागला. त्यानंतर मी मुद्दाम तसं बघू लागले. पक हातचा गेल्यावर कोण लगेच मागे फिरतो आणि कोण हात झटकत उभा राहतो. बाकावर बसलेला मुलगा समोरचा खेळ बघतोय की छताकडे. चूक झाल्यावर तो पुढच्या पाळीत काय करतो. सहकाऱ्यानं गोल केला तर त्याच्याकडे पहिल्यांदा कोण धावतं. कोपऱ्यात, काचेला चिकटून, दोन-तीन जणांच्या धक्काबुक्कीत कोण शिरतो आणि कोण बाहेर उभं राहून पक आपोआप येण्याची वाट बघतो. बैलबाजारात जाणता शेतकरी शिंगांच्या रंगावर जात नाही, बैल चालवून बघतो. तशीच ही नजर. आणि यातलं काहीही गुणफलकावर दिसत नाही.

बेलीकडे ही नजर आली कुठून, याचं उत्तर त्याच्या खेळाडू म्हणून झालेल्या आयुष्यात आहे असं मला वाटतं. त्याचा जन्म १९४८ चा, कॅनडाच्या लॉइडमिन्स्टर गावचा. हे गाव अर्धं सस्कॅचेवान प्रांतात आणि अर्धं अल्बर्टात. सभोवार गव्हाचा सपाट प्रदेश, लांब हिवाळा, आणि त्या हिवाळ्यात मुलांना हॉकीखेरीज दुसरं फारसं काही नाही. तिथून तो बोस्टन ब्रुइन्समध्ये आला. त्याच्या आडनावाचा ‘एस’ बेली नावाचा एक जुना टोरांटोचा खेळाडू प्रसिद्ध होता, त्यावरून यालाही सगळे एस म्हणू लागले आणि तेच नाव कायम झालं.

१९६८-६९ च्या हंगामात तो नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरला तेव्हा ब्रुइन्समध्ये बॉबी ऑर होता, फिल एस्पोझिटो होता. ऑर हा बचावपटू, पण त्यानं बचावपटूनं कसं खेळावं याची कल्पनाच बदलून टाकली. अशा माणसांच्या संघात बेलीसारख्याच्या वाट्याला काय येतं? थोड्या पाळ्या, पुष्कळसे धक्के आणि बराच वेळ बाक. १९७० आणि १९७२ असे दोन स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगची विजेतेपदं, त्या संघानं जिंकले. दोन्हीत बेली होता. १९७२ च्या अंतिम मालिकेत पहिल्या सामन्यात ब्रुइन्स न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध ५-१ असे पुढे होते, रेंजर्सनी ५-५ अशी बरोबरी साधली, आणि दोन-अडीच मिनिटं उरली असताना विजयी गोल केला तो ऑरनं नव्हे, एस्पोझिटोनं नव्हे, बेलीनं. त्याच्या खेळण्यातला हा सर्वांत उजळ क्षण. तो सामना जिंकला नसता तर मालिका कुठे गेली असती कुणास ठाऊक. बोस्टनचे म्हातारे शौकीन अजून त्या गोलाची आठवण काढतात.

पण मला त्याच्या घडणीत याहून मोलाचा वाटतो तो पुढचा काळ. बोस्टननं त्याला सोडल्यावर तो डेट्रॉइटला गेला, मग सेंट लुइसला, आणि १९७४-७५ च्या हंगामाच्या उत्तरार्धात वॉशिंग्टन कॅपिटल्समध्ये येऊन पोचला. कॅपिटल्सचं ते पहिलंच वर्ष. त्या वर्षी ८० सामन्यांत ते ८ जिंकले, ६७ हरले, ५ बरोबरीत सुटले. परगावी त्यांनी अख्ख्या हंगामात एकच सामना जिंकला, आणि तो जिंकल्यावर खेळाडूंनी कचऱ्याचा डबा उचलून स्टॅन्ली चषकासारखा मिरवला. खरा चषक दोनदा बघितलेला बेली त्या संघात होता. लीगच्या इतिहासातल्या अत्युत्तम संघांपैकी एकात आणि अतिशय दुबळ्या संघांपैकी एकात, तीनच वर्षांच्या अंतरानं खेळण्याचा अनुभव फार थोड्यांना मिळतो. जिंकणारा संघ कशानं जिंकतो आणि हरणारा कशानं हरतो, हे त्यानं आतून पाहिलं. ऑरसारख्याला सगळं आपसूक दिसतं. ते दुसऱ्याला कसं दिसत नाही हे त्याला समजावून सांगता येत नाही. बेलीला मात्र प्रत्येक पाळी कमवावी लागली होती. लीगमध्ये टिकण्यासाठी नेमकं काय लागतं, याचा हिशेब त्याला पाठ होता, कारण तो त्यानं स्वतः चुकता केला होता. ५६८ सामने, १०७ गोल, नियमभंगाची ६३३ दंड-मिनिटं, असा त्याचा लीगमधला जमाखर्च.

त्यानंतर १९७८-७९ मध्ये तो एडमंटन ऑइलर्सकडे आला. तेव्हा एडमंटनचा संघ प्रतिस्पर्धी लीगमध्ये, वर्ल्ड हॉकी असोसिएशनमध्ये खेळत असे आणि त्या लीगचा तो शेवटचा हंगाम होता. नोव्हेंबरमध्ये इंडियानापोलिसहून एक सतरा वर्षांचा किडकिडीत मुलगा तिथे दाखल झाला. त्याचं नाव वेन ग्रेट्स्की. परगावच्या दौऱ्यांत त्याच्या खोलीत राहायला तीस वर्षांच्या बेलीला ठेवलं गेलं.

या गोष्टीवर मी बराच विचार केला आहे. ग्रेट्स्कीची प्रतिभा ओळखायला त्या वेळी स्काउट लागत नव्हता. ती सगळ्या कॅनडाला दिसत होती. प्रश्न होता तो, घरापासून लांब, मोठ्यांच्या धसमुसळ्या खेळात पडलेल्या त्या पोराला सांभाळण्याचा. कधी झोपायचं, हरल्यावर खोलीत काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, जुन्या खेळाडूंशी कसं वागायचं, हे शिकवणारं कुणीतरी लागतं. बेलीनं ते केलं. ग्रेट्स्की पुढे जगातला सर्वांत मोठा हॉकीपटू झाला तरी बेलीबद्दलचा त्याचा जिव्हाळा तसाच राहिला. मला वाटतं, बेलीच्या प्रशिक्षकपणाची खरी सुरुवात त्या हॉटेलच्या खोलीत झाली. कागदोपत्री ती पुढे विचिटा इथल्या एडमंटनच्या दुय्यम संघात झाली. तिथली बस, तिथले थंड ड्रेसिंग रूम, वरच्या लीगमधून फोन येईल म्हणून वाट बघणारी पोरं, हे सगळं त्यानं जवळून पाहिलं.

१९८१ पासून तो ऑइलर्सचा स्काउट झाला आणि तेरा वर्षं तिथे राहिला. या काळात ऑइलर्सनी पाच चषक जिंकले: १९८४, १९८५, १९८७, १९८८ आणि १९९०. खेळाडू म्हणून दोन आणि स्काउट म्हणून पाच, असे सात विजय बेलीच्या वाट्याला आले.

पण या धंद्याबद्दल खरं सांगायचं तर हरण्याचं जास्त सांगावं लागतं. नॅशनल हॉकी लीगचा ड्राफ्ट हा प्रकार आधी समजून घ्यायला हवा. त्या काळी दरवर्षी जूनमध्ये सगळे संघ एकत्र जमत आणि जगभरातल्या तरुण खेळाडूंपैकी एकेक नाव आळीपाळीनं निवडत. बहुतेक मुलं अठरा वर्षांची. म्हणजे ज्याच्या ओठांवर अजून नीट मिसरूडही नाही, तो तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी कसा खेळेल, हे आज सांगायचं. त्याची उंची किती वाढेल, अंग भरेल का, पहिली मोठी दुखापत तो सोसेल का, पैसा आल्यावर त्याची भूक टिकेल का. यातलं कशाचंच उत्तर आज बर्फावर दिसत नाही. स्काउट वर्षभर सस्कॅचेवान-अल्बर्टाच्या गोठलेल्या रस्त्यांवरून गाडी हाकत एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो, रोज एखादा सामना बघतो, रात्री मोटेलमध्ये टिपणं लिहितो, ते या उत्तरांच्या शोधात.

एडमंटनला हा शोध आधी फळला होता. बेली स्काउट होण्यापूर्वी, १९७९ मध्ये त्यांनी मार्क मेसिएला ४८ वा आणि ग्लेन अँडरसनला ६९ वा निवडला, १९८० मध्ये फिनलंडच्या यारी कुरीला ६९ वा. या तिघांनीही पुढे पाचही चषक उंचावले. आणि त्याच संघानं, चषक जिंकला त्याच १९९० सालच्या ड्राफ्टमध्ये अकरा मुलं निवडली. त्या अकरांपैकी एकही जण नॅशनल हॉकी लीगमध्ये एकसुद्धा सामना खेळला नाही. अकराच्या अकरा गेले. ही माणसं आळशी झाली होती का, त्यांची नजर अधू झाली होती का? मला तसं वाटत नाही. माणसाचं भविष्य सांगणं किती अवघड असतं याचा हा पुरावा आहे. ज्या टेबलावर असा निकाल लागला, त्या टेबलावरची माणसं पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच रस्त्यांवर निघाली. मला या धंद्यातलं हे धैर्य फार मोठं वाटतं. चुकलेल्या नावाचा शिक्का घेऊन पुन्हा मागच्या रांगेत जाऊन बसायचं आणि पुन्हा कुणावर तरी विश्वास टाकायचा.

१९९४ मध्ये बेली लॉस एंजेलिस किंग्जकडे आला, ग्रेट्स्की तेव्हा तिथेच खेळत होता. बेलीचं काम आता बदललं. स्काउटांमध्ये दोन जाती असतात: काही जण कोवळी मुलं बघतात, काही जण इतर संघांतले व्यावसायिक खेळाडू. बेली या दुसऱ्या खात्याचा प्रमुख झाला. अमुक खेळाडू सध्या बाकावर का आहे, त्याला आपल्याकडे आणला तर तो फुलेल का, आपला हुकमी खेळाडू देऊन बदल्यात कुणाला मागावं, असे प्रश्न त्याच्यापुढे असत.

फेब्रुवारी २००१ मध्ये किंग्जनी आपला कप्तान रॉब ब्लेक कोलोरॅडोला दिला आणि बदल्यात आलेल्यांत अॅडम डेडमार्श होता. शौकीन चिडले होते. त्याच महिन्यात व्हँकुव्हरहून गोलरक्षक फेलिक्स पॉटव्हिन आणला गेला. एप्रिलमध्ये चषकाच्या पहिल्याच फेरीत समोर डेट्रॉइट आलं, त्या काळचं महाबलाढ्य. किंग्ज पहिले दोन सामने हरले आणि नंतरचे चारही जिंकले. सहाव्या सामन्यात जादा वेळेत मालिकेचा निर्णय करणारा गोल केला तो डेडमार्शनं. अशा निर्णयांत बरीच डोकी असतात, मुख्य व्यवस्थापकाचा शब्द अखेरचा असतो. पण व्यावसायिक खेळाडू पारखणाऱ्या खात्याचा प्रमुख बेली होता आणि ते वर्ष त्या खात्याचं होतं. त्या हंगामानंतरचं शिबिर तो बघू शकला नाही.

बॅव्हिसची गोष्ट लहान आहे, पण मला तीच जास्त टोचते. बोस्टन विद्यापीठात जुळ्या भावासोबत तो हॉकी खेळला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला १८१ वा निवडला. इतक्या खालच्या क्रमांकावर निवड झालेल्या मुलाकडून संघ फारशी अपेक्षा ठेवत नाही, आणि तो नॅशनल हॉकी लीगपर्यंत पोचलाही नाही. काही हंगाम खालच्या लीगमध्ये काढले, आणि मग तो शिकवायला लागला. ब्राउन आणि हार्वर्ड या विद्यापीठांत सहायक प्रशिक्षक झाला. २००० मध्ये किंग्जनी त्याला कोवळी मुलं हेरण्याच्या कामावर घेतलं.

ज्याचं स्वतःचं नाव १८१ व्या क्रमांकावर पुकारलं गेलं, तो माणूस आता इतर मुलांची नावं कुठल्या क्रमांकावर लिहायची हे ठरवायला बसला. त्याच्या मनात काय येत असेल? यादीच्या तळाशी असलेल्या पोराची धडपड त्याच्याइतकी कुणाला कळणार? मला तर वाटतं, प्रशिक्षकपणातून आलेला स्काउट वेगळं बघतो. नुसता स्काउट मुलगा कसा आहे हे बघतो. ज्यानं शिकवलं आहे तो मुलगा कितपत शिकेल हे बघतो. हार्वर्डच्या सरावात एकच गोष्ट दहादा सांगितल्यावर कोण अकराव्यांदा करून दाखवतो आणि कोण मान डोलवून विसरतो, हे बॅव्हिसनं रोज अनुभवलं होतं.

जून २००१ चा ड्राफ्ट फ्लोरिडातल्या सनराइजला झाला. किंग्जच्या स्काउट मंडळींच्या वर्षभराच्या भटकंतीचा निकाल त्या दोन दिवसांत लागायचा होता. त्यांनी १८ व्या क्रमांकावर स्वीडनचा येन्स कार्लसन घेतला, ३० व्यावर ओहायो स्टेट विद्यापीठाचा डेव्हिड स्टेकल, ४९ व्यावर मिशिगन विद्यापीठाचा बुटका माइक कॅमेलरी आणि २१४ व्यावर पंचविशीतला फ्रेंच गोलरक्षक क्रिस्तोबाल ह्युए. आता निकाल बघा. कार्लसन नॅशनल हॉकी लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. स्टेकल चारशेहून जास्त सामने खेळला, तेही दुसऱ्या संघांकडून. कॅमेलरी नऊशेहून अधिक खेळला आणि जवळजवळ तीनशे गोल केले. आणि २१४ वा ह्युए २००७ मध्ये लीगच्या ऑल-स्टार सामन्यात उभा राहिला, २०१० मध्ये शिकागोसोबत चषक जिंकला.

या चौघांपैकी जे तीन लीगपर्यंत पोचले, त्यांतल्या एकाचाही पहिला सामना बॅव्हिसला बघता आला नाही. ड्राफ्टनंतर तिसऱ्याच महिन्यात ते विमान निघालं. स्काउटच्या कामाचं फळ चार-पाच वर्षांनी हाती येतं, आणि ते आल्यावरही दुसऱ्याच्या नावावर येतं. प्रेक्षक कॅमेलरीचा शर्ट विकत घेतात. वरच्या रांगेत बसून त्याच्या नावापुढे कुणी खूण केली होती, हे कुणी विचारत नाही. शिक्षकांचं, नर्सिंगवाल्यांचं, कितीतरी जणांचं असंच असतं, हे मला ठाऊक आहे. पण स्काउटच्या बाबतीत हे अंतर फारच लांब आहे आणि मधली वाट बघणं फारच एकाकी.

दोन्ही घरांनी त्यांची आठवण कामानंच ठेवली आहे. बेलीच्या कुटुंबानं आजारी मुलांसाठी संस्था काढली. बोस्टनच्या फ्लोटिंग हॉस्पिटल फॉर चिल्ड्रनमध्ये त्या संस्थेच्या पैशातून मुलांना खेळायला ‘एसेज प्लेस’ नावाची जागा तयार झाली. बॅव्हिसच्या नावानं चालणारी संस्था तरुण मुलामुलींना शिक्षणासाठी मदत देते. दुसऱ्यातलं भलं ओळखून त्याच्यामागे उभं राहणं हे तिचं काम, म्हणजे त्याचंच काम तिनं पुढे चालवलं. बॅव्हिस कुटुंबाचा विमान कंपनीविरुद्धचा दावा हा ११ सप्टेंबरच्या मृत्यूंबद्दलचा शेवटचा उरलेला दावा होता. त्यांना भरपाईपेक्षा खुल्या न्यायालयात सगळं पुढे यायला हवं होतं. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०११ मध्ये तो तडजोडीनं मिटला.

किंग्जच्या सामन्यांत बर्फावर मुलांशी मस्ती करणारा सिंहाच्या वेषातला एक गडी असतो. २००७ पासून तो आहे आणि त्याचं नाव बेली. थट्टेखोर माणसाची आठवण अशी ठेवलेली मला आवडते.

२०१२ मध्ये किंग्जनी आपला पहिला स्टॅन्ली चषक जिंकला. चषकाच्या त्या फेऱ्यांत सर्वोत्तम ठरला तो गोलरक्षक जोनाथन क्विक. किंग्जनी त्याला २००५ मध्ये ७२ वा निवडला होता. क्विक कनेक्टिकटचा, न्यू इंग्लंडच्या रिंकवर वाढलेला; बोस्टनच्या बॅव्हिसनं ज्या भागात आयुष्य काढलं त्याच भागातला. २००५ मध्ये बॅव्हिस पस्तीस वर्षांचा असता. क्विकला त्यानं नक्कीच पाहिलं असतं, वहीत त्याच्याबद्दल काहीतरी लिहिलं असतं. तो चषक त्याच वर्षी किंग्जनी न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबर स्मारकावर नेला आणि बेली व बॅव्हिसच्या नावांपाशी ठेवला. ज्यांनी संघ उभा करण्यासाठी वर्षानुवर्षं रिंक पालथे घातले, त्यांच्यापर्यंत तो चषक पोचवणं हे ऋणच होतं आणि किंग्जनी ते फेडलं याचं मला समाधान आहे.

न्यूयॉर्कला तुम्ही कधी गेलात, आणि मराठी घरांतून आता जाणं-येणं पुष्कळ आहे, तर स्मारकाच्या दक्षिणेकडच्या तळ्याच्या काठावर १७५ क्रमांकाच्या विमानातल्या प्रवाशांची नावं कोरली आहेत तिथे थांबा. गार्नेट बेली आणि मार्क बॅव्हिस ही नावं शोधा. सोबत मुलं असतील तर त्यांना सांगा, की यातला एक लॉइडमिन्स्टरचा होता आणि दुसरा रॉस्लिंडेलचा. दोघं हॉकी खेळले, दोघांनी हॉकी शिकवली, आणि दुसऱ्यांच्या मुलांतला खेळाडू इतरांच्या आधी ओळखणं हे त्यांचं काम होतं.